रिकाम्या गाडीचे माप

मी, ईश्वरलाल सूचरण, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा मोटारींची चाके व टायर निवडून बसवून देणे, राहणार चॅट्सवर्थ, डर्बन, शुद्धीवर असताना आणि कोणी हात न पिरगाळता हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात न पिरगाळल्याबद्दल दाखला मिळत नाही, तिथे माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर तारीख सांगत नाहीत, पण हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात, त्यावरून मी काय ते समजलो.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही माझी पत्नी रुक्मिन हिला दिले होते. रुक्मिन अकरा वर्षांपूर्वी गेली. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम पहिले, नावाविषयी. माझ्या पणजोबांचे नाव शिवचरण. ते ऊस तोडायला या बंदरात उतरले तेव्हा कारकुनाने त्यांना 'सूचरण' करून टाकले. हा संधी कोणत्याही व्याकरणात बसत नाही; मी वेस्टविलच्या विद्यापीठात तीन वर्षे संस्कृत शिकलो, त्यामुळे खात्रीने सांगतो. दगडावर नाव कोरायचे झाल्यास कारकुनाचेच कोरावे. आता सवय झाली आहे.

कलम दुसरे, किरकोळ जिनसा. संस्कृतची पदवी, काचेसकट, समोरच्या दुकानाचे मालक सॅगरन पिल्ले यांना द्यावी. "संस्कृत शिकून टायर विकतोस?" हे ते तीस वर्षे विचारत आले आहेत. उत्तर आता त्यांच्याच भिंतीवर टांगलेले बरे. सोबत माझा हवा मोजायचा काटा त्यांना द्यावा. तो खरा आकडा दाखवतो. त्यांचा काटा गिऱ्हाइकाचे तोंड बघून दाखवतो.

रुक्मिनच्या साड्या तिच्या मर्जीप्रमाणे देवळातल्या बायकांना कधीच दिल्या आहेत. एक मोरपंखी राहिली आहे. ती माझ्यासोबत जाळावी. याचे कारण विचारू नये.

कलम तिसरे, दुकान. दुकान, त्यातील यंत्रे, जॅक, पाने आणि नाव माझे सहकारी मांडला त्सेले यांना द्यावे. बावीस वर्षे ते माझ्याबरोबर आहेत आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मात्र अट अशी.

टायरच्या कडेवर २२५/४०, मग १८, मग ९२ असे लिहिलेले असते, ते सूत्र आहे. पहिली रुंदी, मग त्या रुंदीच्या शेकड्यात बाजूची उंची, मग रिमचा व्यास, आणि शेवटी तो टायर किती ओझे पेलेल याचा अंक. गिऱ्हाईक पहिले तीन वाचते. चौथा त्सेले यांनी वाचून दाखवावा. रिम मोठे घेतले तर टायरची बाजू तेवढी कमी करावी, म्हणजे पूर्ण चाकाची उंची कंपनीने दिली होती तेवढीच राहते. ऑफसेट, म्हणजे चाक मडगार्डच्या किती आत बसणार तो आकडा, गिऱ्हाइकाच्या आवडीने ठरवू नये. तो कमी केला की चाक बाहेर येते, आणि बाहेर आलेले चाक दिसायला छान दिसते. अडचण तिथेच आहे. आमच्या गावात काही तरुण असे आहेत की त्यांची ओळख बहुव्रीहि समासानेच करून द्यावी लागते: मोठी आहेत चाके ज्याची, तो. बाकी त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नसते.

आणि मुख्य अट. या गावातला प्रत्येक चाकवाला खाली बसवलेल्या गाडीचे माप दोन बोटांनी घेतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटे गेली की झाले. हे माप गाडी रिकामी असताना घेतले जाते. त्सेले यांनी तसे कधीही घेऊ नये. मागच्या सीटवर वाळूची तीन पोती, डिकीत एक, आणि पुढे स्वतः गिऱ्हाईक, असे बसवून मगच बोटे घालावीत. अकरा वर्षांपूर्वी मी ही पोती आणली तेव्हा त्सेले म्हणाले होते, "बॉस, माणूस चाकं घ्यायला आलाय. आपण त्याला वरातीला का बसवतोय?" तेव्हा मी हसलो आणि उत्तर दिले नाही. उत्तर कलम पाचमध्ये आहे.

कलम चौथे, घर. आम्हाला मूल झाले नाही. माझी बहीण दुलारी हिचा मुलगा प्रवीर जगमोहन आमच्याच ओट्यावर वाढला. रुक्मिन त्याला जेवू घाली आणि मी त्याला विभक्ती शिकवी. त्याला काय आवडत असे हे सांगायला नको. घर आणि बँकेतील शिल्लक प्रवीरला द्यावी. ही भरपाई नाही. हे वाक्य वकिलांनी काढायला सांगितले, मी काढू दिले नाही.

कलम पाचवे. हे कलम सर्वांदेखत मोठ्याने वाचावे, आणि वाचताना प्रवीर खोलीत हजर असावा. तो आला नाही तर त्याच्या सवडीने पुन्हा वाचावे.

२०१२च्या मार्च महिन्यात प्रवीर दुकानात आला. तो बावीस वर्षांचा होता. त्याच्याकडे जुनी पांढरी चार दारांची बीएमडब्ल्यू होती, तिला नव्या स्प्रिंगा घालून चार सेंटिमीटर खाली बसवलेली आणि नुकताच रंग दिलेला. हातात वहीचे पान होते. पानावर त्याने चारही चाकांसाठी अठराचे रिम, २२५/४० चा टायर आणि पस्तीसचा ऑफसेट लिहून आणला होता. माप बरोबर होते. मी स्वतः निवडले असते तर याहून चांगले निवडले नसते.

मी ते पान वाचून म्हणालो, "ही काय गणिताच्या मास्तरची गाडी आहे?"

दुकानात गिऱ्हाइके होती. ती हसली. प्रवीरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आमच्या काचेत एकोणीसचे चार रिम वर्षभर पडून होते, मागची जोडी फार रुंद, ऑफसेट पंचवीस. लग्नांचा हंगाम तोंडावर होता. भाच्याची पांढरी गाडी दहा लग्नांच्या दारात उभी राहिली की अर्धे चॅट्सवर्थ माझ्याकडे येईल, असा मी हिशेब केला. प्रवीरने दोनदा विचारले, "मामा, मागे घासणार नाही ना?" अशा वेळी मडगार्डची आतली धारदार कड दुमडून घ्यावी लागते. दुमडली तर नवा रंग तडकला असता. मी दोन बोटे घातली. बोटे गेली. मी म्हणालो, "नाही घासणार."

गाडी रिकामी होती.

एप्रिलमध्ये तासाभराच्या अंतरावरच्या स्टॅंगर गावी रुक्मिनच्या चुलतबहिणीच्या मुलीचे लग्न होते. शनिवार असल्यामुळे मी दुकान सोडले नाही. प्रवीर गाडी चालवत होता. मागे रुक्मिन आणि तिच्या दोन मावश्या बसल्या, आणि डिकीत बिर्याणीचे दोन मोठे डेग. सगळे बसल्यावर गाडीची मागची बाजू खाली गेली. मी दारात उभा होतो. मी ते पाहिले. आणि माझ्या मनात आले ते एवढेच, की आता कशी झकास बसली आहे.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या रस्त्यावर मागचा उजवा टायर फुटला, गाडी फिरून कठड्यावर गेली. मावश्या वाचल्या. त्या म्हणाल्या, गाडी जोरात होती. तरुण मुलगा, खाली बसवलेली गाडी. कोणालाही आणखी पुरावा लागला नाही. ठाण्याच्या आवारात गाडी बघायला मलाच बोलावले, कारण नातेवाईकही मीच आणि जाणकारही मीच. मी चाकाखाली वाकलो. मडगार्डच्या कडेने टायरचा खांदा सुरीने कापावा तसा कापलेला होता, आणि कडेवर रबर चिकटलेले होते. बरोबरच्या हवालदाराला टायरमधले काही कळत नव्हते. त्याने विचारले, "टायर ठीक होता?" मी म्हणालो, "ठीक होता. वेग असावा."

हे मी पत्नी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बोललो. दुःखाने बोललो असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. ते खरे नाही. फाटकाबाहेर माझ्यासोबत आलेले त्सेले आणि दोन जुनी गिऱ्हाइके उभी होती आणि मला लाज वाटली.

प्रवीरने कोर्टात निष्काळजीपणा कबूल केला. मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो होतो. त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. आज तो तेहेतीस वर्षांचा आहे, डर्बनच्याच फिनिक्स वस्तीत एका बेकरीत काम करतो आणि तिथूनच दोन गल्ल्या सोडून राहतो, म्हणजे चालत जाता येते. माझ्या घरी तो ओट्याच्या आत येत नाही. दुलारीने तर या घटनेनंतर मुलाशी बोलणेच टाकले. तीन वर्षांपूर्वी ती वारली. अपघातानंतर आठ राख्या तिने मला बांधल्या, आणि दर वेळी गाठ मारून झाली की म्हणायची, "भैया, माझ्या पोराला माफ कर."

मी आठही वेळा म्हणालो, "केलं."

तेव्हा मी येथे लिहून देतो की टायर वेगामुळे फुटला नाही, मडगार्डच्या कडेने कापला गेला, निवड माझी होती, आणि रुक्मिनच्या मृत्यूला प्रवीर जगमोहन कोणत्याही प्रकारे कारण नाही. वकिलांनी या कलमाची प्रत त्या वेळच्या खटल्याच्या कागदांत लावून घ्यावी आणि प्रवीरचे नाव पुसून घेण्यासाठी जे करता येईल ते करावे. तो टायर मी आवारातून परत मागून आणला होता. तो दुकानाच्या माळ्यावर पोत्यात बांधलेला आहे. तो प्रवीरला द्यावा, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून राहायची पाळी त्याच्यावर येणार नाही.

कलम सहावे, अंत्यविधी. साधा असावा. मंत्रांचे उच्चार चुकले तर मी ऐकायला नाही, पण पंडितजींनी घाई करू नये. ज्या गाडीतून मला नेतील तिची चाके कंपनीचीच असावीत.

स्थळ: चॅट्सवर्थ, डर्बन. दिनांक ९ सप्टेंबर २०२३.

सही: ईश्वरलाल सूचरण.
साक्षीदार: १. श्रीमती वसंता चेट्टी, निवृत्त शिक्षिका, शेजारी. २. डॉ. फरीद आमोद.

पुरवणी

साक्षीदाराने मृत्युपत्र वाचायचे नसते, फक्त सही करायची असते. वसंता अक्कांनी चौतीस वर्षे गणित शिकवले. न वाचता त्यांनी आयुष्यात कशाखाली सही केलेली नाही. पाचवे कलम वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ईश्वर, हे तू मेल्यावर वाचायचं? म्हणजे पोराने पेपर द्यायचा आणि निकाल लावायच्या दिवशी मास्तर पळून गेलेला."

मी म्हणालो, माझ्यात तेवढे बळ नाही.

"बळ नाही कसं? आठ पानं लिहिलीस की." मग त्यांनी सही केली, आणि पेन परत देताना म्हणाल्या, "रविवारी बोलव त्याला. मी चहाला येते. तू पळालास तर दारात मी आहे."

त्याप्रमाणे रविवार, १७ सप्टेंबर रोजी दुपारी प्रवीर आला. ओट्यावरच बसला. अक्का दारात बसल्या. मी कलम पाच वाचले. मध्ये दोनदा थांबावे लागले, झडपेमुळे नव्हे. त्सेले यांनी टायर आणून त्याच्यासमोर ठेवला आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. पोत्यांचे कारण त्यांनाही तेव्हाच कळले.

प्रवीरने कापलेल्या जागेत बोट घातले. अर्धे बोट आत गेले.

मग त्याने विचारले, "अठराचे घातले असते तर?"

मी म्हणालो, "नसतं घासलं."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"तुझं बरोबर होतं."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. मी घराविषयीचे कलम वाचू लागलो, तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवले. घर त्याने घेतो असेही म्हटले नाही आणि नको असेही नाही. तो उठला, टायर खांद्यावर घेतला, आणि पायरीवर पोचल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला:

"मामा, आईला कोण सांगणार?"

याची तरतूद मला या मृत्युपत्रात करता आलेली नाही. बाकी सर्व कलमे आहेत तशीच कायम ठेवावीत.

स्थळ: वरीलप्रमाणे. दिनांक १७ सप्टेंबर २०२३.

सही: ईश्वरलाल सूचरण.
साक्षीदार: १. वसंता चेट्टी (वाचून). २. डॉ. फरीद आमोद.