साहेबांचा निरोप, तुझ्या गॅरेजात

प्रिय हमीद,

साहेबांनी, आपल्या त्या परदेशी फुटबॉल टीमच्या मॅनेजरनी, क्लब सोडला. मोबाईलवर बातमी वाचली आणि पहिल्यांदा मनात आलं, हमीदला फोन लावावा. मग आठवलं. आता हे सांगायचं कुणाला? म्हणून कागद घेऊन बसलोय.

इतकी वर्षं तुझा एकच धोशा होता, ह्या मॅनेजरला आधी घालवा. आणि मी त्यांचा वकील! टीम जिंकली की तू म्हणायचास पोरांनी जिंकली, हरली की साहेबांनी घालवली. बायकोशी भांडलो नसेन एवढा तुझ्याशी भांडलो, तेही अशा माणसासाठी, ज्याला आपलं कापूरहोळ नकाशातसुद्धा सापडायचं नाही.

हे फुटबॉलचं खूळ तुझंच. आखातात मेकॅनिकी करून परत आलास ते हे घेऊनच. माझ्या टेम्पोचा गिअरबॉक्स खोलून ठेवला होतास, टीव्हीवर मॅच लागली होती, आणि तू हातात पाना धरून तिकडेच बघत होतास. मी वाट बघत बाकड्यावर बसलो. उत्रोलीची भाताची पोती त्या दिवशी पोचलीच नाहीत.

एवढी घाई कसली होती रे तुला? छातीत दुखतंय म्हणाला असतास, तर टेम्पो दारातच उभा होता. तू ॲसिडिटीची गोळी खाल्लीस आणि पुढची मॅच बघत बसलास! याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तुझ्यामागं गॅरेज बंद पडलं, पण मॅचच्या शनिवारी वहिनी शटर उघडत राहिल्या. टीव्ही लावून द्यायच्या, चहा पाठवायच्या. आता साहेब सोडून गेल्यावर मॅचला जमणारी गावातली पोरं म्हणतात, यात राम राहिला नाही. एक जण तर दुसरा क्लब धरायला निघालाय. त्यात एक टायरवाला गॅरेज भाड्यानं मागतोय. शनिवार बंद पडले तर मी तुला कुठं भेटायचं? कबरीपाशी येतो मी, पण तिथं भांडता येत नाही.

आपला दत्तू, भोर डेपोचा कंडक्टर. डेपोत कुणीही निवृत्त झालं की कार्यक्रम तोच करतो. निरोप म्हणजे शाल आणि श्रीफळ, यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. त्यानं साहेबांचाही रीतसर निरोप समारंभ ठेवला, तुझ्याच गॅरेजात. आणि फोटो कुठं ठेवला असेल? तुझ्या खुर्चीवर! वर हारही घालायला निघाला होता. जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का, म्हणून मीच अडवलं.

दत्तूनं भाषण ठोकलं. साहेबांनी संस्थेची निष्ठेनं सेवा केली, त्यांचं पुढचं आयुष्य सुखासमाधानाचं जावो, वगैरे. मग शाल उलगडून उभा राहिला, आणि तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की ती घ्यायला कुणीच नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तू असतास तर पोट धरधरून हसला असतास. मी मात्र रडायला लागलो. तुला कबरस्तानात पोचवलं तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, आणि इथं सगळ्यांसमोर ढसाढसा. पोरांना वाटलं, साहेबांसाठीच. कुणीतरी पाणी दिलं आणि म्हणालं, नवीन येणारा पण चांगला आहे.

दत्तू शाल घेऊन वहिनींकडे वळला. साहेबांच्या वतीनं तुम्हीच घ्या म्हणाला. वहिनींनी हात मागं घेतले.

"न्हाई बाबा. ह्यांचा लई राग हुता त्या मानसावर. म्या घेतली तर ह्यांना आवडायचं न्हाई."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, नवा सायेब कवापासनं येनार? शटर उघडत ऱ्हाऊ, का टायरवाल्याला व्हय म्हनू? तेवढं सांगा."

मी म्हणालो, उघडा. मी येणार. पोरांकडे पाहिलं तर एकानंही मान हलवली नाही. शाल घडी करून दत्तूनं पिशवीत टाकली आणि सगळे पांगले.

तेव्हापासून झोप लागत नाही. पोरं येणार कशी? खरं सांगू का, ती मॅच बघायला कमी आणि आपलं भांडण ऐकायला जास्त यायची. तू नाहीस, तर माझी वकिली ऐकणार कोण?

म्हणून ठरवलंय. नवा साहेब कितीही गुणाचा निघो, पहिल्या मॅचपासून मी त्याला नावं ठेवणार. त्यानं खेळाडू बदलला तरी चुकला, नाही बदलला तरी चुकला. कुणीतरी चिडेलच ना? त्याची बाजू घेईल, आणि भांडण अर्धं राहिलं म्हणून पुढच्या शनिवारी परत येईल. मला हे जमेल की नाही, ठाऊक नाही. मला माणूस लगेच आवडायला लागतो, हे तू जाणतोस. पण हमीद, शब्द देतो. टीम जिंकली तरी नव्या साहेबाची एकही चांगली गोष्ट मी कबूल करणार नाही.

तुझा,
संपत