दसऱ्याला धुतलेला दिवा

बाबा, दसरा झाला तरी माझा शीण काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. खाणीच्या दिवाघरात, तुमच्याच खिडकीत, आता मी बसते. डोक्याला लावायचे दिवे कामगारांना देणं, पाळी संपली की परत घेणं, चार्जिंगला लावणं, सगळं तेच. फक्त तुमच्या कमरेला बांधायच्या ॲसिडच्या जड बॅटऱ्या गेल्या आणि टोपीवरच बसणाऱ्या, मुठीएवढ्या लिथियमच्या आल्या. वजन कमी झालं, काळजी वाढली. हिला आपटलेलं चालत नाही, तापलेलं चालत नाही, पाणी आत गेलेलं तर मुळीच नाही. जावयासारखं सांभाळावं लागतं, आणि जावई निदान रुसण्याआधी तोंड तरी वाकडं करतो.

तुम्ही तर दसऱ्याला सगळे दिवे धुवायचात. लहानपणी मी तुमचा डबा घेऊन येते, तर तुम्ही बाह्या सारून बॅटऱ्यांवरचा ॲसिडचा पांढरा थर घासत बसलेले. मग एकेका दिव्याला हळदकुंकू. धुतलेला दिवा घेऊन उतरेल त्याला खाण सांभाळते, असं सांगायचात. माणसं ते विसरली नाहीत. दिवे धुऊ नका, असं मी पाटीवर लिहिलं, प्रत्येक पाळीला घसा कोरडा करून सांगितलं. तरी यंदा तुमच्या जोडीच्या, करडी गावच्या काकांनी पाळी संपल्यावर दिवा नळाखाली धरून चोळून धुतला, वर कुंकू लावलं आणि गुपचूप जमा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हाताला गरम लागला. बॅटरीचं कवच फुगलं होतं. जादा दिवा शिल्लक नव्हता, आणि दिव्याशिवाय खाली सोडत नाहीत, म्हणजे काकांचा दिवस बुडणार. ते खिडकीत वाकले.

"तुया बापानं मले इथून कधी वापस नाई पाठवलं, बाई. दे दिवा."

"काका, याचं पोट फुगलं हाय. मी नाई देत."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, बाप देवमाणूस होता, पोरगी साहेब झाली. मला ते फार लागलं. मी दिवा फावड्यावर घेऊन मागच्या मोकळ्या जागेत वाळूच्या बादलीत नेऊन ठेवला. काका घुश्शात तिथेच शेडखाली बसून राहिले. थोड्या वेळाने बादलीतून आधी फुसफुस, मग धूर, मग जाळ. मी धावत जाऊन वाळू ओतत राहिले. काका उठून उभे होते, स्वतःच्या कपाळावर हात ठेवून. शेवटी म्हणाले, "तुया बापानंच वाचवलं मले."

मी हो म्हटलं. आता सगळी वसाहत तेच म्हणते, आई तुमच्या फोटोपुढे रोज दोन फुलं जास्त ठेवते. हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच, म्हणून लिहिते. तुम्ही खिडकीत असता तर काकांना दिवा दिला असतात, बाबा. दारात आलेल्याला नाही म्हणणं तुम्हाला जमलंच नाही कधी. वाळू ओतताना माझ्या मनात एकदाच आलं, बरं झालं, आज बाबा नाहीत.