भैरवीनंतरचा गजर

साकीनाका,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रेमास अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितोय. काल मंडळात भजन संपलं होतं. कुंडलिकबुवांनी भैरवी म्हटली, पेटी मिटली, मी पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक खरवडून काढली. भैरवी झाली की देव निजला. त्यानंतर गायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तू बायकांतून उठलीस, टाळ उचललेस आणि गजर धरलास! तोही फाटक्या आवाजात, तालाला सोडून!

मला कुणी गुरू नव्हता. लेथवर काम करता करता मांडीवर बोल बसवले मी. अशा माणसाच्या बहिणीने असं करावं? पखवाजावर थाप मारून मी 'बस' म्हणालो, ते योग्यच केलं. बुवांची माफी माग.

प्रकृती सांभाळ.
तुझा,
दादा (श्यामकांत)

*

कांजूरमार्ग,
१६ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. नमस्कार.

माफी माझं खेटर मागेल. गळ्याची गाठ काढली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, ते तू ऐकलं होतंस. आवाज येईल, नाहीतर नाही. गणपतीपासून मी चहासुद्धा पाटीवर लिहून मागत होते. आणि त्या शनिवारी सकाळी तांदूळ धुताना तोंडातून 'विठ्ठल' बाहेर पडलं. मला ऐकू आलं रे! तांदूळ तसेच टाकून रडत बसले.

दिवसभर ते पोटात धरून मंडळात आले. तुम्हा पुरुषांचे अभंग झाले, गौळण झाली, बायकांना कोण विचारतो? शेवटी राहवेना. मी देवाचे उपकार मानत होते, तुझ्या मात्रांचे नाही. देव निजला होता तर उठला असता. त्याला राग येत नाही, तुलाच येतो.

आता भांडी घासताना गुणगुणायला जाते आणि तुझी ती थाप कानात वाजते. तोंड मिटतं. हे म्हणतात, गा गो. कसली गाते! मंडळात मी पाय ठेवणार नाही. तू तुझी भैरवी सांभाळ.

वहिनीला नमस्कार. तुला सवयीने.
प्रेमा

*

साकीनाका,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. प्रेमास आशीर्वाद.

आवाज आला हे तू तांदळाला सांगितलंस, सख्ख्या भावाला नाही! चार लोकांत, कणीक काढलेल्या पखवाजासमोर मला हे कळावं? आता संतापायचं कुणी, तू की मी? तुझी वहिनी म्हणते दोघेही एकाच माळेचे मणी. तिला गप्प बसवलंय.

भैरवीनंतर गायचं नाही, हा नियम मी मोडणार नाही. मेलो तरी नाही. म्हणून येत्या शनिवारी मंडळाला माझी सुट्टी. बुवांना तोंडावर सांगून आलोय, ते फुगलेत. फुगू देत. संध्याकाळी पखवाज घेऊन तुझ्याकडे येतो. पुडीला लावायला कणीक मळून ठेव. पोळ्यांची सैल कणीक पुढ्यात ठेवलीस तर तसाच परत फिरेन. गजर तू धरायचा. तालाला चुकलीस की तिथल्या तिथे सांगणार, आजारी होतीस म्हणून सोडणार नाही.

आणि भैरवी कुणीही म्हणायची नाही. भैरवी झाली नाही म्हणजे भजन संपलं नाही. मग रविवारी तांदूळ धुताना गा, सोमवारी भांडी घासताना गा. नियमात बसतं. कुणी 'बस' म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

राग आहे तसाच आहे, लोभही.
दादा