थोरला की लांबमान्या

३१ ऑगस्ट, रवि.
खामगावला जाऊन आले. मेहकरला गाडी बदलून, कंबर मोडून. दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काउंटरवर मांडले. किंमत जवळपास सारखी, म्हणजे पैशावर ढकलून मोकळं होता येत नाही. एकाचा सेन्सर मोठा, अंधारातही फोटो स्वच्छ, झूम बेताचं. दुसऱ्याचा सेन्सर नखाएवढा, पण झूम असं की लांबच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याची चोच दिसली. दुकानाच्या आत मात्र त्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे. पहिल्याचं नाव ठेवलं थोरला, दुसऱ्याचं लांबमान्या. हात हलवत परत. पण नवरात्राच्या आत घेणार, हे नक्की.

२ सप्टें.
शाळेत इंगळे सरांना विचारलं. ते पक्ष्यांचे फोटो काढतात, त्यांच्या शब्दाला वजन. म्हणाले, सेन्सर मोठा तो मोठाच, झूम म्हणजे नुसती हाव. पटलं. मलाही थोरलाच हवाय. दिवेलागणीची गल्ली, चुलीपुढचे चेहरे, गॅदरिंगची नाटकं... मोबाइलवर काळेकुट्ट फोटो काढून वीट आलाय.
आईचंही काम त्यानेच होईल. गुडघे गेल्यापासून दोन नवरात्रं ती गावालगतच्या विवरात उतरलेली नाही. देवी खाली, तळ्याकाठी. डोली करू म्हटलं तर म्हणाली, "खांद्यावर माणूस एकदाच जाते." पुढे बोलायची सोयच ठेवली नाही. मीच खाली जाईन, गाभाऱ्यात फोटो काढीन, मोठा करून तिच्या खाटेसमोर लावीन. ठरलं.

१४ सप्टें., रवि.
घेण्याआधी खात्री करावी म्हणून इं. सरांचा कॅमेरा मागून नेला. त्याचाही सेन्सर मोठा. पुजाऱ्यांना विचारून गाभाऱ्यात एक फोटो काढला, फ्लॅश न मारता. काय आला! समईची वात, देवीचे डोळे, हळदीचा कण न् कण. चढण चढताना धाप लागली तरी हसत होते.
आईला दाखवला. तिने हात जोडले, "छान हाये" म्हणाली आणि मेथी निवडायला लागली. पाहुण्यांच्या पोराला छान म्हणतात तसं.
राग आला. विचारलं, काय कमी आहे?
"कमी काही नाही वो बाई. पण हे सकाळचं हाये, होऊन गेलेलं. मले ती आत्ता पाह्यची हाये. वरून कळस जरी दिसला तरी भेट झाली."
वरून तिला नुसती झाडी दिसते. कळस सांगूनही सापडत नाही.
जेवण गेलं नाही.

१७ सप्टें.
इं. सर म्हणतात, म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापायी आयुष्यभराची वस्तू बिघडवू नका. सर चूक नाहीत. कॅमेरा वापरणार मी, पैसे माझे, हौस माझी. पण आई कधी काही मागत नाही, साडीसुद्धा नाही. आणि मागितलं ते काय, तर बघणं.

२० सप्टें., शनि.
लांबमान्या घेतला. दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की? नक्की म्हटलं. थोरल्याकडे न बघता बाहेर पडले. खोटं कशाला, एकदा बघितलं.

२२ सप्टें.
घट बसले. शाळा सुटल्यावर आईला रिक्षाने विवराच्या काठावर नेलं. उशीर झाला. वर ऊन, पण विवरात सावली उतरलेली. तिपाई लावली, झूम ताणलं, आणि पडद्यावर रवाच रवा. देऊळ कुठलं, झाड कुठलं, कळेना. इं. सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. माझंच चुकलं असं वाटून रडू यायला लागलं. आई म्हणाली, "तिची बी संध्याकाळ झाली. सकाळी येऊ." ठीक. सकाळी.

२३ सप्टें.
अर्धी रजा टाकली. ऊन चांगलं. फांद्यांच्या मधून कळस सापडवला, तिपाई घट्ट केली आणि आईला डोळा लावायला सांगितलं. तिने आधी चुकीचा डोळा मिटला. मग म्हणाली, "पानं दिसून राह्यली." मग, "माकड हाये." मग डोळा न काढता तिने एक चप्पल काढली, मग दुसरी. हात जोडायला गेली आणि कोपर तिपाईला लागलं.
मी डोळा लावला तोवर नुसती पानं.
दिसला का, विचारलं. ती रिक्षापर्यंत चपला हातात घेऊन अनवाणी चालली. गुडघ्यांचं एकदाही नाव नाही.
घरी आल्यावर मात्र कॅमेरा कपाटात ठेवू देईना. देव्हाऱ्याशेजारी ठेव म्हणाली, उद्याही लागंल.
इं. सरांना काय सांगू? उद्याचीही अर्धी रजा टाकते.