मायानं बँकेला काय सांगितलं

रांजणगाव, ता. शिरूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा व ती. आई यांस,
सविनय जयभीम.

माझा फोन लागत नाही म्हणून घाबरू नका. तपासाच्या अधिकाऱ्यांनी मला जबाबाला बोलावलं होतं, त्यांनी फोन ठेवून घेतलाय. मैत्रिणीच्या फोनवरून बोलले असते. पण आप्पा, तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता. त्यापेक्षा पत्र बरं.

झालं असं. आमच्या कंपनीचे व्हॉल्व्ह दुबईला उतरायचे आणि तिथून जहाज बदलून, ज्या देशाशी व्यापाराला बंदी आहे तिकडं जायचे. बँकेला कळलं असतं तर तिनं पैसे अडवले असते. म्हणून बँकेला सांगायचं, की माल दुबईतच राहतो. निर्यातीचे कागद लावताना हे मला महिन्याभरापूर्वी कळलं. पंधरवड्यापूर्वी बँकेतल्या बाईंचा फोन माझ्या टेबलावर आला. त्यांनी सरळ विचारलं, की माल शेवटी जातो कुठं. मोठे साहेब समोरच उभे होते. त्यांनी ओठांनीच सांगितलं, दुबई म्हण. मला खोटं बोलवेना. मी खरं ते सांगून टाकलं. साहेबांनी त्याच दिवशी मला घरी बसवलं. आता बँकेला फसवल्याच्या आरोपावरून साहेबांना आणि फायनान्स मॅनेजरना अटक झालीय. मी साक्षीदार आहे, आरोपी नाही, हे आईला दोनदा वाचून दाखवा.

पण बँकेनं खातं गोठवलं आणि कंपनी बंद पडलीय. असेंब्लीतल्या बयाबाई, ज्या मला रोज डब्यातलं कालवण काढून द्यायच्या, त्या बाजारात भेटल्या आणि तोंड फिरवून गेल्या. ते फार लागलं. आणि तळेगावला महेंद्रच्या घरी काय वाटत असेल? त्यांनी लग्न मोडलं, तर आईनं रडायचं नाही.

तुमची काळजी करत आणि तुमच्या मायेवर विसंबून,
माया

खुटबाव, ता. दौंड
१० फेब्रुवारी २०२५

चि. मायास,
जयभीम आन् पोटभर आशीर्वाद.

मला ऐकू सगळं येतंय, तुझी आईच हळू बोलती. आता बातमी ऐक. रविवारी तळेगावच्या सिंधूबाई, तुझ्या होणाऱ्या सासूबाई, जीप करून आल्या. मागं महेंद्र, खाली मान घालून. तुझ्या आईला वाटलं, लग्न मोडायलाच आल्या. च्यात साखरच टाकली न्हाई तिनं. सिंधूबाईंनी तो तसाच पिला आन् मला विचारलं, की पोरगी खरंच साहेबासमोर बोलली का? म्या म्हणलं, व्हय, बोलली. आन् बोलली ते बेस केलं.

तवा बाई हसायला लागल्या. म्हणल्या, आमच्या घरात तीन बापई हायेत, आन् कोण कुठं जाऊन आलं ते एकजण खरं सांगंल तर शपथ. हा महेंद्र रांजणगावला मायाला भेटायला जातो आन् घरी सांगतो, शिक्रापूरला टायर बघायला गेलतो. चार महिने टायरच बघतोय! एक तरी खरं बोलणारं माणूस आमच्या घरात येऊ द्या, लग्नाची तारीख अलीकडं घ्या. महेंद्र लाजून पार गोठ्याकडं पळाला.

तुझी आई रडली, पण ते रडणं येगळं. म्या जलमभर रेल्वेत गँगमन व्हतो, पर असली ताठ मान माझी रिटायर झाल्यावरच झाली. नोकरीचं बघू. घर तुझंच हाय.

जेवत जा, लिहीत जा, आम्हाला इसरू नको.
तुझा आप्पा

रांजणगाव
१९ एप्रिल २०२५

ती. आप्पा व ती. आई यांस,
सविनय जयभीम.

फोन परत मिळाला, तरी हे लिहूनच सांगते. कोर्टानं कंपनीवर प्रशासक नेमलेत. बंदी नसलेल्या ऑर्डरींसाठी बँकेनं खातं मोकळं केलं आणि मंगळवारी कंपनी उघडली. प्रशासकांनी मला पहिल्याच दिवशी कामावर बोलावलं. कंपनीच्या बसपाशी गेले, पण दाराशीच थांबले. आतल्या सगळ्यांनी माझ्यामुळंच दोन महिने घरी बसून काढलेले.

बयाबाईंनी खाली उतरून माझा दंड धरला, वर ओढलं आणि खिडकीची जागा दिली. जेवणाच्या सुट्टीत डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, की लय राग आलता तुझा. पर माझ्या पोरीनं विचारलं, आई, तू काय म्हणली असतीस? तवा म्या म्हणलं, खरंच सांगितलं असतं. मग आम्ही दोघी रडलो आणि सगळं कालवण संपवलं.

आता खरी अडचण. सगळ्या बायका लग्नाला यायचं म्हणतात, आणि प्रशासक म्हणतात, एकदम सगळ्यांना सुट्टी नाही. म्हणून ठरलंय, की दुपारची पाळी सकाळीच येऊन विधीला बसेल, जेवेल आणि कामावर जाईल. सकाळची पाळी सुटली की सरळ तळेगावच्या मांडवात येईल. सिंधूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, की चूल काय, दिवसभर पेटती ठेवू.

तेव्हा आईला सांगा, नवरीला दोन्ही पाळ्या करायच्यात.

दोघांच्या आशीर्वादाची हक्कदार,
माया