सात मालक परगावी

ता. ११ जानेवारी १९३८, जालना

क्षमा असावी. कोऱ्या पानावर स्वतःचे काही लिहावे, एवढी माझी योग्यता नाही. मराठी सातवीत पहिली आले, ती दुसऱ्यांचे लिहिलेले पाठ करून! तरी आज लिहिते, कारण मन स्वस्थ नाही.

आपल्या 'दुधनातीर' साप्ताहिकाच्या व्ही.पी. आल्या. वर्षाची वर्गणी भरून सोडवायच्या. नको असेल तर शेरा लिहून परत करा, असे पोस्टमन म्हणाला. प्रथम माझ्या वडिलांनीच, दादांनी, शेरा लिहायला मला हाक मारली. मग चतुराबाई, मग गोजरबाई — अशी आमच्या मस्तगडच्या गल्लीतली सात घरे. सर्वांचे म्हणणे एकच: "धर्मराजकाकानं वर्गणी भरलीया, त्याचा अंक हाय की! दुर्गी दर बेस्तरवारी वाचून दाखवते. मंग दुसरा खर्चा कशाला?"

'नाकारले' हा शब्द मला कठोर वाटला. संपादक भुजंगराव एकटेच बातम्या आणतात, एकटेच छपाईचे खिळे जुळवतात. म्हणून सभ्य शब्द योजले — 'मालक परगावी आहेत.' सातही पाकिटांवर. दादा तेव्हा ओट्यावर सुपारी कातरीत बसले होते!

ता. १३ जानेवारी

आज वाचनाला तीस बायका. "काय गोड वाचती पोरगी!" मला फार आनंद झाला.

ता. २० जानेवारी

वाचताना माझी दृष्टी आवाजाच्या एक ओळ पुढे असते. आज ती पुढे गेली आणि थबकली —

'मस्तगडच्या एका गल्लीतील सात मालक एकाच दिवशी परगावी गेले, आणि जाताना सातही जणांनी एकाच सुंदर अक्षरात तसे लिहून ठेवले! त्या अक्षराच्या धन्याने खरे कारण कळवावे. आणखी एका अंकापुरताच कागद शिल्लक आहे. कशाने मेलो, एवढे तरी छापून जाऊ.'

मी ते गाळले. एकदम बदनापूरच्या बाजारभावावर गेले. कोणालाही कळले नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापासून छापलेले लपवले — मी!

ता. २१ जानेवारी

खरे कारण माझा आवाज.

ता. २४ जानेवारी

भुजंगरावांना तीन पत्रे लिहिली. तिन्ही निबंध झाले. फाडली. गेल्या साली आमच्या आडात पाणी शुद्ध करायचे औषध पडले, ते 'दुधनातीर'ने चार आठवडे ओरड केली म्हणून. एवढे साधे वाक्यसुद्धा माझ्या हातून अलंकार घालून उतरते.

ता. २७ जानेवारी

आजचा अंक आलाच नाही; शेवटचा कागद बहुधा उत्तरासाठी राखला असेल. बायका मात्र येऊन बसल्या. मी मागचाच अंक उघडला आणि गाळलेले मोठ्याने वाचले. मग म्हणाले, "अक्षर माझे आहे."

चतुराबाई पदर तोंडाला लावून हसल्या, "आगं, तुझा बाप तर सुपारी कातरून राह्यला होता! म्हनं परगावी!" सगळ्याच हसल्या. मी जमिनीकडे पाहत राहिले.

गोजरबाई हसल्या नाहीत. "पेपर बंद पडला तर आडासाठी कोन वरडल?" थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "शेवटच्या अंकात आमची नावं येनार का गं? येनार असतील तर त्यो अंक मी घेते. बिलकुल घेते!"

"मी बी!"

"माझं बराबर छापाया सांग!"

साप्ताहिक जगावे म्हणून वर्गणी नाही. आपली लबाडी छापून येणार म्हटल्यावर विकत! आणि मला तेवढ्यानेही आशा वाटली. त्याचीच अधिक लाज.

घरी दादा म्हणाले, "बायकांची घाल खुशाल. माझं नाव न्हाई पाहिजे."

ता. २८ जानेवारी १९३८

चौथे पत्र लिहीत नाही. ही पानेच वहीतून काढली आहेत. भुजंगराव, सगळे छापावे. दादांचे नाव राधाकिसन. ते कोठेही परगावी गेले नव्हते.

पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहून पेन्सिलीने लिहिते. शुक्रवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. टाकते —