सैंधवाची पुडी

३ जानेवारी, शनिवार
आज सकाळी पूजा आटोपून डॉक्टरांचा कागद देवापुढे ठेवला आणि घंटा नेहमीपेक्षा जरा जास्त वाजवली. काल ऑफिसच्या तपासणीत बीपी एकशे पन्नास - शहाण्णव निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिना देते. मीठ कमी करा आणि स्वतःची काळजी घ्यायच्या दोन-चार सवयी लावून घ्या, तुम्हाला झेपतील अशा. आकडा उतरला नाही तर गोळी, रोजची.
गोळी घेणार नाही. आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, गोळी सुरू झाली आणि वर्षाच्या आत ते गेले. निफाडकडे आमच्या गावात आजही सगळे 'गोळीनं गेले' असंच म्हणतात. शिवाय बाईंच्या हातातलं पेन औषध कंपनीचं होतं. मी पाहिलं.

४ जानेवारी, रविवार, सकाळ
सवय पहिली: चालणे. कॉलनीतल्या मारुतीला रोज एकवीस प्रदक्षिणा. व्यायामही झाला, सेवाही झाली.
सात झाल्या. पण शेवटच्या दोन फार मनापासून झाल्या.

५ जानेवारी, सोमवार
तेजश्रीने माझ्या फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकलं. मुलगी आपलीच, पण बी.फार्म.ला आहे, तेव्हा जपून राहायला हवं. नाशिकरोड ते द्वारका बसमध्ये बसून गेलो, तर ॲपने चारशे पावलं धरली. असल्या खोटारड्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही.
चारशे पावलं राहू दिली.

६ जानेवारी, मंगळवार, अंगारकी
सवय दुसरी सापडली. उपास! ही लावायलाच नको, लहानपणापासून अंगात आहे. आता सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थ्या आणि एकादश्या. पोटाला विश्रांती.
दुपारी साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली. मिठाचा प्रश्नही सुटला. उपासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. म्हणजे सैंधव हे मीठ नव्हे. आपल्या वाडवडिलांनी हे कधीच ठरवून ठेवलंय, डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार?

८ जानेवारी, गुरुवार
उपास. तेजश्री म्हणाली, पप्पा, सैंधव पण मीठच असतं हो. मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात चतुर्थी आहे का? ती आईकडे बघून हसली. नोंद करून ठेवतो.

९ जानेवारी, शुक्रवार
आमटी अळणी! संध्याला विचारलं. म्हणाली, अहो, मीठ नेहमीइतकंच आहे, तुमच्या जिभेला काय झालंय? हे बोलताना माझ्याकडे न बघता पोळी लाटत होती. डॉक्टरीणबाईंनी हिला फोन केलेला दिसतो.

१२ जानेवारी, सोमवार
उपास, तरी ऑफिसात डब्यातली बटाट्याची भाजी अळणीच. हे मी ओळखूनच होतो. सैंधवाची पुडी खिशातून आणली होती, भाजी दुरुस्त केली. शेजारच्या टेबलावरचा आल्हाद म्हणाला, काय काका, या वयात तंबाखू? गडबडीत तोंडातून गेलं, देवाचा प्रसाद आहे. त्याने हात पुढे केला. द्यावाच लागला. बिचाऱ्याने कपाळाला लावून तोंडात टाकला आणि मग बाटलीभर पाणी प्यायला. नवस बोललात का काका, म्हणाला.
देवा, माफ कर.

१४ जानेवारी, बुधवार
एकादशी आणि संक्रांत एकाच दिवशी. तीळ उपासाला चालतात की नाही, यावर ऑफिसात दोन गट. मी दोन्ही गटांकडचे लाडू घेतले. कुणाला दुखवायचं नाही, यानेही बीपी उतरतं असं वाचलंय.

१९ जानेवारी, सोमवार
काहीतरी चाललंय. रोज मी आरतीला उभा राहिलो, की संध्या फ्रिजमागून एक निळी डबी काढते, मुठीत काही घेते, पाणी पिते. विचारलं तर म्हणाली, तुम्ही आरतीकडे लक्ष द्या.

२३ जानेवारी, शुक्रवार
सवय तिसरी: ध्यान, दहा मिनिटं. एक डोळा मिटून केलं, दुसरा डबीवर होता. ती माझ्या चहात काही घालत असावी. कप बदलले. माझा चहा पिऊन ती म्हणाली, एवढी साखर पिता तुम्ही?

३ फेब्रुवारी, मंगळवार
बीपी एकशे बासष्ट - शंभर. वजन अडीच किलो वर. बाईंना प्रदक्षिणा, उपास, सैंधव, सगळं खरं सांगितलं. सैंधवाला त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि गोळी लिहून दिली.
घरी आलो तो रागातच. म्हटलं, महिनाभर काय खायला घालतेस मला? डबी दाखव आधी! संध्याने डबी समोर ठेवली. आत माझ्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नावाचीच गोळी. म्हणाली, माझी आहे. तीन वर्षं घेतेय. सांगितलं होतं तुम्हाला, तुम्ही पोथी वाचत होतात, 'बरं' म्हणालात. मीठ तेव्हापासूनच कमी आहे. तीन वर्षं बोटं चाटून जेवलात आणि महिन्याभरापूर्वी अळणी लागायला लागलं!
मी म्हटलं, आणि नाना?
तिने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, नाना गेल्यावर देव्हाऱ्याखालचा खण मी आवरला. सगळ्या पट्ट्या तशाच होत्या, एकही गोळी फोडलेली नव्हती. आईंनी शपथ घातली, कुणाला सांगू नकोस म्हणून.
जेवलो नाही. उपास नव्हता.

४ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ
पुडी सिंकमध्ये रिकामी केली. आरतीला आज संध्याला शेजारी उभं राहायला सांगितलं. संपल्यावर तिने डबी पुढे केली. तिने तिची घेतली, मी माझी, पळीभर तीर्थाबरोबर.
गेली. अळणी होती.